पनामात एकच दिवस आहे, कालवा बघू की जंगल? दोन्ही बघा, पण आधी जंगल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आई-बाबा सांगलीहून न्यू जर्सीला आलेत, सगळे मिळून पनामाला जाताय, त्यात कालव्यासाठी एकच दिवस आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर्ड त्यामुळे त्यांना कालवाच बघायचाय, आणि लेकीला माकडं आणि स्लॉथ, म्हणजे झाडाला लटकून राहणारा तो आळशी प्राणी. आणि हॉटेलवाले जी 'माकडं अधिक कालवा' अशी दिवसभराची गाईडेड ट्रिप सांगतात ती घ्यावी, की टॅक्सी करून आपलं आपण फिरावं.

मी गेली १४ वर्षं छोटे मराठी ग्रुप घेऊन मध्य अमेरिकेत जातो आणि ही ट्रिप लोकल गाईडबरोबर पन्नासेक वेळा तरी केली असेल, त्यावरून सांगतो. गाईडेडच घ्या. मिराफ्लोरेसचे लॉक्स, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाजं वर-खाली करणारे दारांचे हौद, टॅक्सीने सहज बघून होतात, त्यात काही अवघड नाही, पण कालव्याच्या मधल्या गातून तलावात शिरायला बोट लागते, जहाजांचा रस्ता माहीत असलेला बोटवाला लागतो, आणि स्लॉथ शोधायला तर तिथलाच डोळा लागतो. आपण झाडाकडे दहा मिनिटं बघत बसतो आणि आपल्याला नुसता पानांचा झुबका दिसतो, गाईड चालत्या बोटीतून हात करतो की तो बघा, पोटाशी पिल्लू पण आहे.

पण या ट्रिपमधे एक गोष्ट आहे जी ब्रोशरमधे लिहिलेली नसते आणि बरेच गाईडही नीट सांगत नाहीत. हे दोन वेगळे पॉइंट नाहीत हो. जंगल आणि कालवा एकाच पाण्यावर चालतात. हे एकदा डोक्यात बसलं की सकाळी माकड बघताना आणि दुपारी जहाज बघताना तुम्ही एकच गोष्ट बघत असता, आणि बाबांना तर हे दोन मिनिटांत समजेल, आयुष्यभर धरणंच बघितलीत त्यांनी.

कसं ते सांगतो. लोकांना वाटतं पनामा कालवा म्हणजे दोन समुद्रांमधे खणलेला सरळ चर, एकीकडून पाणी शिरतं आणि दुसरीकडून निघतं. फ्रेंचांनी आधी तसाच करायला घेतला होता, समुद्रसपाटीचा. सुएझवाले फर्डिनांड द लेसेप्स प्रमुख, १८८१ ला सुरुवात, आणि १८८९ पर्यंत कंपनी बुडाली. डोंगर खचत राहिला, चाग्रेस नदीला पूर येत राहिले आणि पिवळ्या तापाने आणि मलेरियाने माणसं मरत राहिली, त्या काळातले मृत्यू २२,००० च्या आसपास धरतात. मग १९०४ ला अमेरिकेने काम हातात घेतलं आणि काही काळाने समुद्रसपाटीचा हट्ट सोडून दिला. त्यांनी त्याच चाग्रेस नदीवर गातूनला धरण बांधलं, समुद्रापासून २६ मीटर उंचीवर ४२५ चौरस किलोमीटरच्या आसपासचा तलाव तयार केला, आणि जहाजं पायऱ्यांनी वर चढवायची, तलावातून न्यायची, पलीकडे पायऱ्यांनी उतरवायची असं ठरवलं. तो तेव्हा जगातला सगळ्यात मोठा कृत्रिम तलाव होता. म्हणजे कालव्याची ८० किलोमीटरची जी वाट आहे त्यातला मोठा भाग हा धरणाचा जलाशयच आहे. तुम्ही भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेला असाल ना, उजनीच्या पाण्यात होडीतून? तसंच काहीसं समजा, फक्त इथे फ्लेमिंगोच्या जागी टूकन आणि होडीच्या बाजूने तीनशे मीटर लांबीचं कंटेनर जहाज.

दिवसाचा क्रम फार महत्त्वाचा आहे म्हणून आधी तेच सांगून टाकतो. सकाळी जंगल आणि तलाव, दुपारी २ नंतर मिराफ्लोरेस. उलटं कोणी सांगितलं तर घेऊ नका. प्राणी सकाळीच हलतात, दहा-साडेदहानंतर ऊन चढलं की माकडंसुद्धा आत सावलीत जाऊन पडतात. आणि लॉक्सचं असं आहे की सकाळी साधारण पॅसिफिककडून आत जाणारी जहाजं मिराफ्लोरेसमधून चढतात, ती गेली की मधे रिकामा वेळ असतो, मग अटलांटिककडून निघालेली जहाजं दिवसभराचा प्रवास करून दुपारी इकडे उतरायला लागतात. अकरा ते एकच्या दरम्यान जाऊन नुसती बंद दारं आणि पाणी बघून परत आलेले कितीतरी लोक मला भेटलेत, बिचारे एवढ्या लांबून आलेले असतात. बुक करताना हा एकच प्रश्न विचारला तरी ऑपरेटर कसा आहे ते कळतं, की आम्ही मिराफ्लोरेसला किती वाजता पोचू. वेळा रोज थोड्या बदलतात, पण चांगला गाईड त्या दिवशीची जहाजं आधी बघून ठेवतो.

हॉटेलवरून सात, फार तर साडेसातला निघा. बोटीत बसायचं ते गांबोआला, पनामा सिटीपासून तीसेक किलोमीटर, पाऊण तास. रस्ता सोबेरानिया नॅशनल पार्कच्या जंगलातून जातो, आणि शहर संपून जंगल कधी सुरू झालं ते कळतच नाही. गांबोआ हे कालव्याच्या कामगारांचं जुनं गाव, लाकडी घरं, समोर मोठं गवत, आणि जिथे चाग्रेस कालव्याला मिळते तिथेच वसलेलं. तिथे एक अवाढव्य तरंगती क्रेन दिसेल, टायटन नावाची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलासाठी बांधलेली, युद्धानंतर अमेरिकेला मिळाली, बरीच वर्षं कॅलिफोर्नियात लाँग बीचला होती आणि १९९६ पासून इथे लॉक्सची दारं उचलायच्या कामाला. बाबांना दाखवा, गाईड बरेचदा तिच्याकडे न बघताच पुढे जातात.

अजून एक गांबोआची गोष्ट, ही मला स्वतःला फार आवडते. तलाव भरत आला होता पण कुलेब्राच्या, म्हणजे डोंगर फोडून काढलेल्या वाटेच्या, खोदाईकडे पाणी जाऊ नये म्हणून इथे मातीचा बांध ठेवलेला होता. १० ऑक्टोबर १९१३ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी वॉशिंग्टनमधे बसून बटण दाबलं, तारेने सिग्नल आला आणि तो बांध उडवला. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला आंकोन नावाचं जहाज पहिलं अधिकृत म्हणून पार झालं. १५ ऑगस्ट म्हटल्यावर आपल्या लोकांना ती तारीख पाठ करावी लागत नाही.

बोटीत बसलात की पहिली दहा मिनिटं जहाजांच्या वाटेच्या कडेने जाता. छोट्या बोटी तरंगत्या खुणा लावलेल्या मुख्य मार्गाच्या बाहेरून चालतात, आणि बाजूने जहाज गेलं की त्याची लाट येते, बोटवाला बोट वळवून ती लाट समोरून घेतो, घाबरू नका. मग तो बेटांच्या मागे एखाद्या फाट्यात शिरतो, इंजिन बारीक करतो, आणि एकदम शांत. पाण्यातून काळे ओंडके वर आलेले दिसतील, उभेच्या उभे. ते शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या जंगलाचे खुंट आहेत, टणक लाकूड असल्यामुळे अजून कुजलेले नाहीत. पाण्याखाली गावंही आहेत, माताचिन, गोर्गोना, आणि १८५५ ला सुरू झालेल्या जुन्या रेल्वेचा रूळमार्ग. धरणाखाली गाव जाणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ते बघितलेलं असतं. इथली गावं मात्र वर येत नाहीत, कारण तलाव कधी तेवढा उतरूच देत नाहीत, जहाजं अडकतील.

आणि तुम्हाला जी बेटं दिसतात ना, ती बेटं नव्हतीच कधी. डोंगरांचे माथे आहेत ते. पाणी चढत गेलं तसे बरेच प्राणी माथ्याकडे सरकले आणि तिथेच अडकले. बारो कोलोरादो हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध, १९२३ पासून राखीव, आणि १९४६ पासून स्मिथसोनियन संस्थेकडे, उष्ण कटिबंधातल्या जंगलाचा एवढा जुना आणि सलग अभ्यास फार कमी जागी झालाय. तिथे उतरायचं तर त्यांचं वेगळं बुकिंग लागतं, या डे ट्रिपमधे ते येत नाही, लांबून दिसतं तेवढंच. 'मंकी आयलंड' म्हणून जे सांगतात ते असं कुठलं एक बेट नाही, माकडं सवयीने जिथे येतात अशा दोन-चार जागा आहेत, बोटवाला त्या दिवशी जिथे दिसतील तिथे नेतो.

आता काय काय दिसतं. पांढऱ्या तोंडाचं कॅपुचिन माकड जवळपास नक्की, लोकल लोक त्याला कारा ब्लांका म्हणजे पांढरतोंड्या म्हणतात. हाउलर माकड दिसायच्या आधी ऐकू येतं, आणि पहिल्यांदा ऐकलं की कोणाचाही विश्वास बसत नाही की हा आवाज माकडाचा आहे, एखादं मोठं जनावर घोगऱ्या गळ्याने गुरगुरतंय असंच वाटतं. जोफ्रॉयचं टॅमरिन हे खारीपेक्षा थोडं मोठं छोटुकलं माकड, हे फक्त पनामा आणि कोलंबियातच सापडतं, म्हणून दिसलं तर लेकीला सांगा की हे दुसरीकडे बघायला मिळणार नाही. स्लॉथ दोन प्रकारचे, तीन बोटांचा दिवसा दिसायची शक्यता जास्त, स्पॅनिशमधे त्याचं नावच पेरेसोसो, म्हणजे आळशी. सेक्रोपियाची झाडं बघत राहा, मोठ्या छत्रीसारखी पानं आणि मधे मोकळ्या फांद्या, त्यात दिसणं सोपं जातं. तो आठवड्यातून एकदाच शी करायला झाडावरून खाली उतरतो, हे सांगितल्यावर आजपर्यंत एकही मूल हसल्याशिवाय राहिलेलं नाही. काठावर मगर आणि तिचा छोटा भाऊबंद केमन, फांद्यांवर हिरवे इग्वाना, पाण्यावरच्या पानांवरून चालणारे जकाना, पंख पसरून वाळवत बसलेला सापमान्या, आणि स्नेल काइट, ही घार फक्त गोगलगायींवर जगते म्हटलं तरी चालेल, तिची वाकडी चोच दुर्बिणीतून नक्की बघा. जॅग्वार वगैरे विसरून जा, आणि हार्पी ईगल हा तिथला राष्ट्रीय पक्षी असला तरी या ट्रिपमधे तो दिसेल असं कोणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. माकडांना खायला देऊ नका, आणि देणारी बोट बुक करू नका. बरेच बोटवाले केळं, द्राक्षं दाखवून कॅपुचिनला बोटीच्या टपावर बोलावतात, लोक खूश होतात, फोटो मस्त येतात. काही वर्षांपूर्वी एका ऑपरेटरच्या बोटीत माझ्या ग्रुपमधल्या काकांच्या मांडीवर असंच माकड उतरलं, काकांनी दचकून हात झटकला आणि त्याने मनगटाला दात लावले. रक्त आलं, मग हॉस्पिटल, रेबीजची इंजेक्शनं, काकांची उरलेली सगळी ट्रिप त्यातच गेली. मी आधी ऑपरेटरला विचारलं नव्हतं ही चूक माझी होती, तेव्हापासून बुकिंगच्या आधी लेखी विचारतो. आणि नुसता आपला प्रश्न नाही हा. बोटीची वाट बघत बसणारं माकड मग फळं शोधत हिंडत नाही, जंगलात बिया पसरवणं हे त्याचं काम ते सोडून देतं, शिवाय आपले रोग त्याला लागतात. माकड पंधरा फुटांवरून बघा, स्वतःच्या तंद्रीत फांदी उलटीपालटी करून किडे शोधताना, ते फोटोपेक्षा खूप जास्त बघण्यासारखं आहे.

जेवण बहुतेक ट्रिपमधे दुपारी असतं. आई-बाबा शाकाहारी असतील तर बुकिंग करतानाच सांगा आणि तिथे परत सांगा, नुसतं वेजिटेरियन म्हटलं तर चिकनच्या पाण्यात शिजवलेला भात येऊ शकतो. सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, हे तीन शब्द कागदावर लिहून ठेवा, मटण-बीफ नको, चिकन नको, मासे नकोत. आर्रोस कोन ग्वांदू मिळाला तर जरूर घ्या, नारळाच्या दुधातला भात आणि त्यात ग्वांदू, म्हणजे आपली तूर. आख्खी, कोवळी तूर. बाहेर येऊन चार दिवस झालेल्या माणसाला तो भात काय लागतो ते मी सांगायला नको. बरोबर पाताकोनेस, कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले तुकडे. थोडं लोणचं खिशात असेल तर अजून उत्तम.

मग मिराफ्लोरेस. तिकीट ट्रिपच्या पैशात धरलंय का ते आधी विचारा, पुष्कळदा धरलेलं नसतं. वर गॅलरी आहे, लिफ्ट आहे, आईंना त्रास नाही. कठड्याजवळ जागा मिळवायला जहाज यायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचा. जहाज येतं ते इतकं हळू की वाटतं थांबलंय. लॉकची रुंदी ३३.५ मीटर आणि त्यात बसणारं मोठ्यात मोठं जहाज ३२.३ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना हातभर जागा. दोन्हीकडून रुळांवर चालणारी इलेक्ट्रिक इंजिनं दोर ताणून जहाज मधोमध धरून ठेवतात, त्यांना मुला म्हणतात, म्हणजे खेचरं. आणि एवढ्या सगळ्या यंत्रांमधे जहाजाकडे पहिला दोर घेऊन जाणारी दोन माणसांची वल्ह्याची होडी मी किती वेळा बघितलीय, ती दिसली तर चुकवू नका, छोटी असते, लोकांचं लक्ष जहाजाकडेच असतं.

बाबांसाठी खास. पाणी भरायला आणि सोडायला पंप नाहीत. तलाव वर आहे, समुद्र खाली आहे, भिंतींच्या आतल्या बोगद्यांचे व्हॉल्व्ह उघडले की पाणी आपल्या वजनाने उतरतं, आठ-दहा मिनिटांत जहाज वर-खाली. खालच्या बाजूची दारं जास्त उंच का, तर पॅसिफिकची भरती-ओहोटी पाच-सहा मीटरपर्यंत जाते, अटलांटिकच्या बाजूला ती एक मीटरसुद्धा नसते. आणि एका जहाजाच्या एका फेरीला जुन्या लॉक्समधून साधारण २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. गोडं! सकाळी ज्या पाण्यावर तुम्ही बोटीत होता तेच. पनामा सिटी आणि अटलांटिककडच्या कोलोन शहराचं पिण्याचं पाणीही याच पाणलोटातून येतं. पाऊस पडतो, जंगल तो धरून ठेवतं, हळूहळू चाग्रेसला सोडतं, तलाव भरतो, जहाज चढतं. डोंगर उघडे पडले तर गाळ येणार आणि पाणी एकदम येऊन एकदम जाणार, हे बाबांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. २०२३ मधे पाऊस कमी झाला तेव्हा एरवी रोज ३६ च्या आसपास जाणारी जहाजं २४ च्या आसपास आणावी लागली, बाहेर समुद्रात रांगा लागल्या होत्या. २०१६ ला सुरू झालेल्या मोठ्या लॉक्समधे बाजूला टाक्या करून ६० टक्के पाणी परत वापरतात, तरीही पाऊस तो पाऊसच. म्हणून म्हणतो आधी जंगल बघा. सकाळी ते पाणी आणि ती झाडं बघितलेली असली की दुपारी दार उघडून पाणी बाहेर पडताना आपण नुसतं जहाज बघत नाही.

गॅलरीतून पलीकडे लांबवर जहाजांचे कंटेनर झाडांच्या वरून सरकताना दिसतील, ती नवी कोकोलीची लॉक्स. प्रदर्शन आत आहे ते अर्ध्या तासात होतं, पण कामगारांच्या फोटोंपाशी थांबा जरा. बार्बाडोससारख्या बेटांवरून आलेल्या हजारो काळ्या मजुरांनी हा डोंगर फोडलाय. त्यांना पगार चांदीच्या नाण्यांत, गोऱ्या अमेरिकनांना सोन्याच्या, आणि त्या दोन याद्यांप्रमाणे घरं, खाणावळी, दवाखाने सगळं वेगळं. अमेरिकन काळातसुद्धा ५,६०९ माणसं गेल्याची अधिकृत नोंद आहे, त्यात बहुतेक हेच लोक. गाईडने हे सांगितलं नाही तर तुम्ही लेकीला सांगा.

तापाचं म्हणाल तर डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी डास मारून, साचलेलं पाणी झाकून १९०५ संपेपर्यंत पनामा सिटीतून पिवळा ताप घालवला, त्याशिवाय कालवा झालाच नसता. पण तुमच्यासाठी हा नुसता इतिहास नाही. भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत पनामा आहे. आई-बाबा पनामा सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असतील तर लसीचं कार्ड लागतं, नसेल तर क्वारंटाइनमधे ठेवू शकतात, आणि कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. तुम्ही परत न्यू जर्सीत येऊन महिनाभर थांबणार असाल तर तो प्रश्न येत नाही, तरी प्रवासाआधी चालू नियम बघा. आणि साठीच्या पुढच्या माणसांनी ही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. व्हिसाचंही तसंच, आधी वापरलेला अमेरिकन व्हिसा असला की पनामात सहसा सोय होते, पण अटी बदलतात, एम्बसीकडून लेखी खात्री करा.

अजून दोन पर्याय तुम्हाला कोणीतरी सांगेल. एक म्हणजे गांबोआहून मोठ्या बोटीत बसून स्वतः लॉक्समधून उतरत पॅसिफिकपर्यंत जायचं. अनुभव जबरदस्त आहे, कुलेब्राची खोदाई आतून दिसते, पण ती रोज नसते, अर्धा दिवस त्यातच जातो आणि माकडं राहतात. बाबा एकटे असते तर हेच सांगितलं असतं. दुसरं म्हणजे त्याच दिवशी एंबेरा आदिवासींचं गावही जोडून देतो म्हणतात, ते करू नका, माणसांना भेटायला दीड तास पुरत नाही.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, टोपी, डासांचं क्रीम, आणि फोनला प्लास्टिकची पिशवी, कारण डिसेंबर मध्य ते एप्रिल सोडला तर दुपारी पाऊस धरूनच चाला. दुर्बीण एक तरी न्याच, आठ बाय बेचाळीस पुरे. डॉलर तिथे चालतात, टिपेसाठी सुट्टे ठेवा. बोटीला छप्पर आहे का, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, बोटीत किती माणसं बसवणार, आणि बरोबर येणारा निसर्ग जाणणारा गाईड आहे की नुसता ड्रायव्हर, हे विचारून घ्या. आईंच्या गुडघ्यांचं लिहिलंय तुम्ही, तर धक्क्यावरून बोटीत उतरताना एक मोठी पायरी खाली असते, हलती असते, तेवढीच एक अवघड जागा. आधी बाबांना उतरवा, मग आईंनी धक्क्यावर बसून पाय खाली सोडायचे आणि बोटवाल्याचा हात धरायचा, तो रोज शंभर जणांना उतरवतो. चढताना मात्र सगळ्यात शेवटी त्यांना चढवा, बोट हलकी झाली की वर येते आणि पायरी कमी होते.